पाळणाघरांसाठीची प्रशिक्षण-मार्गदर्शन वर्गणी : नऊ महिन्यांचा अनुभव, आणि कुलर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या पाळणाघरातील झोपण्याच्या खोलीत लोखंडी कुलरमध्ये पाणी भरताना मला विजेचा झटका बसला. झटका सौम्य होता, हात लगेच सुटला आणि मुले त्या वेळी चटयांवर झोपलेली होती, म्हणून आज हे शांतपणे लिहिता येत आहे. त्याच संध्याकाळी, पाळणाघरांना प्रशिक्षण आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या वर्गणीसोबत मिळालेली सुरक्षा तपासणीची यादी काढून मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ६४ मुद्द्यांच्या त्या यादीत खोली गरम करण्याच्या हीटरभोवती जाळी आहे का, शेकोटीची जागा बंद केली आहे का, बागेतील माशांच्या हौदावर झाकण आहे का, असे प्रश्न होते. कुलर हा शब्द मात्र एकदाही नव्हता. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या नागपुरात घरोघरी खिडकीला कुलर लागलेला असतो, आणि त्याच नागपुरात कार्यालय असलेल्या संस्थेने माझ्याकडून ११,८०० रुपये घेऊन मला शेकोटीविषयी विचारावे, हे मला अजूनही पचलेले नाही.

वर्गणीत सुरक्षा तपासणीची यादी, दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र, मुलांच्या संरक्षणाविषयीचे सत्र, अडचणीत विचारण्यासाठी मार्गदर्शनाचा फोन आणि मुलांच्या उपक्रमांची फाइल मिळते. शिवाय एवढे नोंदवते, की पत्रकावर १०,००० रुपये लिहिलेले असते आणि १८ टक्के जीएसटी पावतीवर उगवतो. आमच्याकडे २२ मुले आहेत, त्यांपैकी ७ दोन वर्षांच्या आतील. कामाला माझ्यासह पाच जणी. मी फेब्रुवारीअखेर नाव नोंदवले आणि आता नोव्हेंबर संपत आला आहे.

कुलरचा विषय येथेच पूर्ण करते, कारण तो संस्थेने केला नाही. लोखंडी पत्र्याचा सांगाडा, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली सांडलेले पाणी आणि त्यावर अनवाणी चालणारी मुले, यांहून धोकादायक जुळणी लहान मुलांच्या खोलीत क्वचितच असेल. आमच्या कुलरच्या पिनेची तिसरी, म्हणजे अर्थिंगची दांडी पूर्वी कोणीतरी दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून कापून टाकली होती, आणि ते गेल्या तीन उन्हाळ्यांत माझ्याही लक्षात आले नव्हते. इलेक्ट्रिशियनने सांगितले, की बोर्डावरची एमसीबी ही जादा प्रवाह वाहिल्यावर पडते. शरीरातून जमिनीकडे जाणारी थोडी गळती तिला कळत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ती बसवण्याचे मजुरीसह ३,४०० रुपये झाले आणि अर्थिंग नव्याने करण्याचे २,८०० वेगळे. आता पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिन बाहेर काढायची आणि पाणी मुलांच्या वेळेआधी, सकाळी सातलाच भरायचे, असा नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावला आहे. हा खर्च मला संस्थेकडून नको होता. मला यादीत एक ओळ हवी होती.

ती ओळ घालावी म्हणून मी फोटोसह सविस्तर पत्र पाठवले. अकराव्या दिवशी उत्तर आले, की सूचना पुढील आवृत्तीसाठी नोंदवून घेतली आहे. ऑगस्टमध्ये सुधारित यादी आली, तीत पावसाळ्यातील डासांविषयी दोन उपयुक्त मुद्दे होते, कुलर नव्हता. तोवर आमचा कुलरही माळ्यावर गेलेला होता.

यानंतर खरे तर मी वर्गणी सोडण्याच्याच विचारात होते. माझे मत जुलैत हलले, आणि ज्यांच्यामुळे हलले त्या आमच्या मोठ्या मावशी मार्चमधील दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला सर्वांत नाखुशीने आल्या होत्या. चार मुले वाढवलेल्या बाईला बाहुलीच्या पाठीवर थापा मारायला शिकवण्यात काय अर्थ आहे, असे त्या रिक्षात मला दोनदा म्हणाल्या, आणि त्यांची दोन दिवसांची मजुरी मलाच भरायची असल्यामुळे मला ते काही अंशी पटलेही होते. जुलैत एका दुपारी साडेचार वर्षांच्या ताईच्या डब्यातला फुटाणा तिच्या चौदा महिन्यांच्या भावाच्या तोंडात गेला. मी दुसऱ्या खोलीत होते. मी पोहोचले तेव्हा बाळाचे तोंड उघडे होते, आवाज अजिबात नव्हता, आणि मोठ्या मावशी जमिनीवर बसून त्याला मांडीवर पालथे, डोके खाली करून, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने थापा मारत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. तिसऱ्या थापेला फुटाणा फरशीवर पडला आणि बाळ रडले. ते रडणे ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले.

त्यांना नंतर विचारले तेव्हा कळले, की पूर्वी त्यांनी सरळ तोंडात बोट घातले असते, आणि नेमके तेच करायचे नाही, हे प्रशिक्षणात त्यांच्या मनावर ठसवले गेले होते. न दिसणारा कण बोटाने आणखी आत ढकलला जातो. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यायचे, आवाज बंद झाला तर पाठीवर पाच थापा द्यायच्या. तरीही अडकलेलेच राहिले तर एक वर्षाच्या आतील बाळाच्या छातीवर पाच दाब द्यायचे, पोटावर कधीही नाही, आणि वर्षाच्या पुढील मुलाला पोटावर दाब. हा क्रम प्रत्येकीकडून बाहुलीवर किमान दहा वेळा करून घेतला होता, आणि ज्या बाईंनी तो करून घेतला त्या मावशींशी अतिशय आदराने आणि तितक्याच कडकपणे वागल्या. बाळाला आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले, घटनेचा कागद भरला आणि आईला सर्व काही स्वतः सांगितले. डब्यांतून फुटाणे, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे बंद झाली. तर्री-पोह्यांतले चणे पालकांच्या तक्रारीनंतरही बंदच आहेत. संस्थेवरचा माझा राग त्या दिवशी निम्म्याने उतरला. निम्माच, कारण कुलर शिल्लक होता.

मुलांच्या संरक्षणाविषयीचे सत्र हा या वर्गणीचा दुसरा भक्कम भाग आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार फक्त वेळेची आहे, कारण त्याला एकच दुपार दिली होती. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचे नाव आम्ही सर्वांनी ऐकले होते, पण त्याच्या १९ व्या कलमानुसार अशा गुन्ह्याचा संशय आलेल्या किंवा माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे आमच्यापैकी एकीलाही नीट ठाऊक नव्हते. “मॅडमला सांगितलं म्हणजे आपलं काम झालं न?” असे धाकट्या मावशींनी विचारले, तेव्हा सत्र घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले, की नाही, कळवण्याची जबाबदारी तुमचीही आहे, न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि संस्थाचालकाने आपल्या हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडवले तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे ऐकताना माझ्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिले, ते मी विसरलेले नाही. २०२० च्या नियमांत पाळणाघरांचा थेट उल्लेख असून मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची असते, हेही मला तेथेच कळले. चौदा वर्षे पाळणाघर चालवणाऱ्या बाईने हे लिहावे याची लाज वाटते, पण आमच्यासारख्या घरगुती पाळणाघराला चौदा वर्षांत कोणीही प्रशिक्षणासाठी बोलावलेले नाही. पडताळणीचे अर्ज संस्थेच्या माणसाने शेजारी बसून भरून दिले. नुसत्या माहितीपत्रकावर भागवले असते तर मी ते उद्यावर ढकलत राहिले असते.

याच सत्रातील एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटली. मुलाने काही सांगितलेच तर त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, “असं झालं का?” म्हणून शब्द तोंडात घालायचे नाहीत, आणि लिहिताना त्याचे बोलणे शुद्ध करायचे नाही. आमच्याकडची मुले घरी वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि आमच्यापुढे पुस्तकी मराठी बोलतात. शरीराच्या अवयवांना तर प्रत्येक घराचा वेगळा शब्द असतो. तो शब्द जसाच्या तसा कागदावर आला पाहिजे, आणि मुलांना मात्र अवयवांची खरी नावे शिकवली पाहिजेत, असा सत्र घेणाऱ्या बाईंचा आग्रह होता. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. आता आंघोळीच्या वेळी त्याच मावशी ती नावे न संकोचता घेतात.

खटका उडाला तो मार्गदर्शनाच्या फोनवरून. हा फोन सकाळी ११ ते ५ चालू असे, आणि मुले घेऊन जाण्याची आमची वेळ साडेपाच ते साडेसात. अडचण नेमकी दारात उभी राहते, ती टेबलावर नाही, हे कोणत्याही पाळणाघरवालीने त्यांना सांगितले असते. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीकडचे रस्ते मिरवणुकीमुळे बंद होते आणि एका मुलीची आई कामावरून निघून अडकून पडली. तिच्याऐवजी एक गृहस्थ आले. नाव मुलीच्या कागदावरील यादीत नाही, मुलगी त्यांना ओळखून हसते आहे, आणि आईचा फोन लागत नाही. “अहो ताई, पोट्टं आमच्याच घरचं आहे न, काहून अडवून राहिल्या तुम्ही?” असे ते म्हणत होते आणि माणूस खरोखर सभ्य होता. मी मार्गदर्शनाचा क्रमांक पाच वेळा लावला. तो बंद होता, कारण त्यांनाही स्थानिक सुटी होती. अखेर पाऊण तासाने आई व्हिडिओ कॉलवर आली, तिने त्यांना पाहून होकार दिला, मी त्यांच्या ओळखपत्राचा फोटो घेतला आणि वहीत वेळ लिहून सही घेतली. ते मुलीचे सख्खे मामा निघाले. दुसऱ्या दिवशी आईने माझ्यावर राग काढला आणि तिसऱ्या दिवशी यादीत तीन नावे वाढवून दिली.

मी मात्र संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसले. वर्गणीच्या पत्रकावरील “सदैव सोबत” हे शब्द मी त्यांच्याच टेबलावर पेनने अधोरेखित केले. आवाज चढला, हे मान्य करते. पण सप्टेंबरपासून फोन रात्री आठपर्यंत आणि स्थानिक सुट्यांनाही चालू झाला आहे, आणि त्यानंतर मी तीनदा केलेले तिन्ही फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलले गेले. तेव्हा ही तक्रार मी मागे घेते.

उपक्रमांच्या फाइलवर पैसे खर्च करण्याची गरज नाही. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र सरकारचे ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे दोन्ही आराखडे २०२४ मध्ये आले असून ते मोफत मिळतात. संस्थेने त्यांतीलच खेळ रंगीत कागदावर छापले आहेत. हे मला वस्तीतील अंगणवाडी सेविकेने दाखवून दिले. ‘पोषण भी पढाई भी’चे प्रशिक्षण तिला सरकारकडून विनामूल्य मिळाले होते, आणि माझी ११,८०० ची पावती पाहून तिने काही न बोलता चहा पुढे केला. प्रमाणपत्राच्या लॅमिनेशनचे प्रत्येकी १५० रुपये मागितले, ते मी दिले नाहीत. घरातील जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत पाचही नीट बसली.

संस्थेने दिलेल्या कागदांतील, मुलांमागे माणसे किती असावीत, या पानावर इंग्लंडमधील प्रमाण छापले आहे : दोन वर्षांच्या आतील तीन मुलांमागे एक व्यक्ती. शेकोटी आणि माशांचा हौद कोठून आले असावेत, याचा अंदाज मला हे पान पाहूनच आला. प्रमाण चुकीचे नाही, उलट हेवा वाटावा असे आहे. पण त्या हिशेबाने ७ लहानग्यांसाठीच मला तीन जणी लागतील आणि शुल्क इतके वाढेल, की त्या सातांच्या आया नोकरी सोडून घरी बसतील. आमच्या शुल्कात किती जणी ठेवता येतात, यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर ते पान कामाचे झाले असते.

आता नूतनीकरणाचे पत्र आले आहे. वर्गणी १२,००० झाली आहे, म्हणजे करासह १४,१६०. सोबत नव्या वर्षाची तपासणी यादी आहे आणि तीत ६७ वा मुद्दा असा आहे : “कुलर असल्यास तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा.” म्हणजे त्यांनी माझे पत्र वाचले, पण कुलरमध्ये रोज पाणी कोणाला तरी भरावे लागते आणि लोखंडी स्टँड ओल्या फरशीवरच उभा असतो, हे वाचले नाही. अर्थिंगचा शब्द नाही, आरसीसीबीचा नाही, पिन काढण्याचा नाही.

मोठ्या मावशींना मी सहज विचारले, की पुढच्या मार्चला पुन्हा प्रशिक्षणाला याल का. त्यांनी तारीख विचारली आणि नात्यातले लग्न त्याच आठवड्यात असल्याने दुसरी तुकडी मिळेल का, ते पाहायला सांगितले. मी १४,१६० चा धनादेश पाठवला आहे. त्याला इलेक्ट्रिशियनच्या बिलाची झेरॉक्स आणि ६७ व्या मुद्द्याचा माझ्या हस्ताक्षरातील सुधारित मजकूर जोडला आहे. धनादेश वटला, मजकुराची पोच अजून आलेली नाही.