जमिनीतून येणारा एसी: १४ महिने वापरल्यावर

सर्व्हिसवाल्याने काल एसीच्या 'बॅलन्सिंग'चं (सगळीकडे हवा सारखी पोचवण्याचं) कोटेशन पाठवलं. आकडा बघून चहा गार झाला, म्हणून हे लिहितोय.

बाणेरला आमचं भाड्याचं ऑफिस आहे. एसीची हवा छतातून नाही, फ्लोअरिंगखालून गोल जाळ्यांमधून वर येते. हौस आधीच्या भाडेकरूची, निस्तरतोय आम्ही.

पहिला उन्हाळा शिव्या घालण्यात गेला. आतल्या रांगेतल्या मुली एप्रिलमध्ये पायमोजे घालून, आणि खिडकीकडचे घामाघूम. तक्रार केली की सर्व्हिसवाला हवा आणखी गार करून जायचा. अहो, छतातून १२-१३ अंशांची हवा चालते. इथे ती थेट पायाशी येते, १६-१८ च हवी!

मग नेटची वायर बदलताना एक टाइल उचलली. खाली भिंतीला पंजा जाईल एवढं भोक, आणि आपण पैसे मोजून गार केलेली हवा त्यातून खुशाल लिफ्टच्या लॉबीकडे. आमच्याकडे टाइलखालची अख्खी पोकळी हाच डक्ट, म्हणजे हवा नेणारा मार्ग आहे. तिथला दाब १२ ते २५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या हिशेबात जेमतेम सव्वा ते अडीच मिलिमीटर. भोकं पडली की खिडकीपर्यंत काय पोचणार? हवा कुठून निसटते ते धुरावरून बघायला रविवारी अगरबत्ती घेऊन रांगत फिरलो (सिक्युरिटीवाल्याला वाटलं पूजा आहे). वायरींची २३ भोकं निघाली. तेवीस! नेटवाला, फोनवाला, सीसीटीव्हीवाला, प्रत्येकाने पाडली, बुजवली एकानेही नाही. ब्रशवाली झाकणं आणि भिंतीला फोम लावला, आणि आठवड्यात खिडकीकडचे गप्प झाले.

तेव्हापासून माझं मत फिरलंय. आवाज जवळजवळ नाही, आणि ज्याला गार लागतं तो आपली जाळी फिरवून हवा कमी करतो. जाळीखाली कचऱ्याची टोपलीही असते. आमच्या टोपल्यांत शेंगदाण्याची फोलपटं आणि एक कानातलं सापडलं.

पावसाळ्यात मात्र मी स्वतःच माती खाल्ली. वीज वाचवायला कॉइलच (हवा गार करणारा भाग) १७ अंशांवर चालवली. हवेतलं पाणी निघेना, प्रिंटरमध्ये कागद चिकटायला लागले. आधी १२-१३ पर्यंत गार करून पाणी काढायचं, मग परतीची हवा मिसळून १७ वर आणायची, हे ऑपरेटरने सांगितलं. कोटेशनवाल्याने नाही.

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. चार पानांत 'भोक' हा शब्द कुठे आहे का, शोधतोय.