शुगर मुळापासून घालवतो म्हणाले आणि २१,५४८ ची टोपी घातली

आधीच सांगतो, मी अडाणी नाही, बँकेत कॅशियर होतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा तपासल्या. तरी गंडवलं. ९९ चा वेबिनार, मग १४,९९९ चं 'मुक्ती पॅकेज', वर पावडरच्या तीन डब्यांचे ६,४५०. सगळं यूपीआयने, कुणाच्या तरी पर्सनल नावावर. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, "ऑफर आज रात्री बारापर्यंतच", रडणाऱ्या काकू, आणि कोच म्हणवणारा पंचविशीतला पोरगा.

मला राग येतो तो त्या स्क्रीनशॉटचा. ग्रुपवर कुणाचा तरी रिपोर्ट टाकला, एचबीएवनसी पंधरा दिवसांत ११.२ वरून ५.६! अरे, ही टेस्ट रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, पंधरा दिवसांत एवढी उतरेलच कशी, सोसायटीत सगळ्यांना हे मीच समजावतो. आणि त्या रिपोर्टखाली मी काय टाकलं, तर हात जोडलेला इमोजी. पण तुम्हीच सांगा, डॉक्टरकडे दोन तास बसून दोन मिनिटं मिळतात, आणि हा कोच रोज सकाळी विचारायचा, "काका, फास्टिंग किती आली?" घरचे तरी विचारतात का?

डब्यावर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना बनवणाऱ्याचा पत्ता. असा डबा घरात घेऊच नका. शुगर झपाझप उतरली, मला वाटलं गुण आला. मग एका रात्री घामाने बनियन भिजलं, हात थरथरायला लागले, मीटरवर ५२. डॉक्टर म्हणाले असल्या पावडरीत कधी कधी ॲलोपॅथीचीच शुगरची गोळी कुटून घातलेली असते, आणि माझी नेहमीची गोळी चालूच होती. (७० च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत चेक. एवढं साधं त्या कोचने कधी सांगितलं नाही.)

रिफंड मागितला तर ब्लॉक. चौकीत म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवले ना काका, मग फ्रॉड कसला? ग्राहक आयोगात जा." तिथे म्हणे समोरच्या पार्टीचा पत्ता आणा. अहो, पत्ता असता तर मीच नसतो का गेलो! औषधांच्या सरकारी ऑफिसात त्यांनी माझ्याकडे बिल मागितलं. डायबेटीस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणंच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्या कायद्याची प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी चहाचा कप बाजूला घेतला आणि म्हणाले, "ऑनलाइनचं आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतं? टॅक्स घेताना बरं सगळं ऑनलाइन चालतं!

पैसे गेले की आधी १९३० ला (सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाइन) फोन, चौकी नंतर. रीडिंग स्वतःच्या वहीत लिहा, मला ग्रुपमधून काढल्यावर चॅट उडालं आणि सगळे आकडे त्यातच गेले.

आणि एक. ग्रुपवर टाइप वन डायबेटीस (ज्यात इन्सुलिनशिवाय चालतच नाही) असलेल्या एका मुलाच्या आईने विचारलं होतं, इन्सुलिन कमी करू का, आणि या हरामखोराने थम्सअप दिला. त्या ताईंचा नंबर माझ्याकडे नाही. वाचत असाल तर ताई, डॉक्टरला विचारल्याशिवाय एक युनिटसुद्धा कमी करू नका.