साखरपुडा झालाय, जोडीदार परदेशात: नाशिकमधल्या ‘व्हिजिटर फाइल’ सेवेचा रिव्ह्यू

कॉलेज रोड ते कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात व्हिसाची कामं करून देणारी ऑफिसं बरीच आहेत. त्यातल्याच एका ऑफिसच्या ‘व्हिजिटर फाइल’ सेवेबद्दल हे लिहिलंय, आणि तेही एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी: लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय, जोडीदार परदेशात आहे आणि दोन-तीन आठवडे भेटून यायचंय. कागद जमवून घ्यायला हे ऑफिस खरंच चांगलं आहे. तिथे मिळणारा एक सल्ला मात्र अजिबात ऐकू नका.

आधी कागदांचं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासह, तीन वर्षांचे आयटीआर, कंपनीचं रजेचं पत्र, सगळं एकेक पान उलटून तपासतात. रजा तीन आठवड्यांची आणि परतीचं तिकीट अडीच महिन्यांनंतरचं, अशी विसंगती इथे लगेच पकडली जाते. शेतीवाल्या घरांची फाइल तर विशेष नीट करतात. द्राक्षाचे पैसे हंगामात एकरकमी जमा होतात आणि परदेशी अधिकाऱ्याला ते व्हिसापुरते उसने आणून भरल्यासारखे दिसतात. म्हणून त्या जमेसोबत व्यापाऱ्याची हिशोबपट्टी किंवा एक्स्पोर्टरचं पेमेंटचं पत्र लावतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते आयटीआरमध्ये दाखवलंय का, हेही बघतात. सातबारे मात्र उगाच गठ्ठ्याने लावतात. एका उताऱ्यावर सगळ्या भाऊबंदांची नावं असली की त्यात तुमचा हिस्सा कोणता, हे तिकडे कुणालाच कळत नाही. तुमचं स्वतंत्र खातं असेल तर 8अ (तुमच्या खात्यावरच्या जमिनीचा उतारा) आणि त्याचं इंग्रजी भाषांतर पुरेसं आहे.

अपॉइंटमेंट घेताना नाशिकचं अंतर लक्षात घेत नाहीत. अमेरिकेसाठी बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुंबईतल्या बीकेसीतला इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी, अशा दोन खेपा असतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने साडेआठ-नऊची वेळ गाठता येत नाही, आणि कसारा घाटात गाड्या अडकल्या तर रस्त्याचाही भरवसा नाही. लागोपाठचे दोन दिवस मागा आणि आदल्या रात्रीच मुंबईत पोहोचा. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल आणि बॅग आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्यांची सोयही आधीच करून ठेवा.

आता तो सल्ला. “साखरपुड्याचं कशाला लिहिता? टुरिझम टाका, हॉटेल बुकिंग लावून देतो.” हे ऐकून मुकाट्याने सही करणारी मुलं-मुली पुढे फार मोठी किंमत मोजतात. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात, म्हणजे डीएस-160 फॉर्ममध्ये, तिथे जवळचं नातेवाईक कोण आहे, असा थेट प्रश्न आहे, आणि त्यात पती-पत्नीबरोबर वाग्दत्त जोडीदारही धरतात. त्याच फॉर्मवर गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती मागतात. तिथे साखरपुड्याचे फोटो आणि फॉर्मवर ‘नाही’, हे खोटं विधान ठरतं. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. कॅनडा 5 वर्षांची बंदी घालतो, ब्रिटन 10 वर्षांची. दोन-तीन आठवड्यांच्या भेटीसाठी पुढचा सगळा संसार पणाला लागतो.

दुसरी चूक त्याहून सहज घडते. एच-4 ची (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाची) तयारी म्हणून आधी रजिस्टर लग्न उरकायचं आणि विधी पुढच्या मोसमात करायचे, असं हल्ली बरीच घरं करतात. घरच्यांच्या हिशेबी मुलगी अजून ‘लग्नाची’ असते, पण कायद्याने ती विवाहित आहे. फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहून चालत नाही. या ऑफिसमध्ये तारीख विचारतात ती हॉलची, नोंदणीची नाही. तुम्हीच आठवण करून द्या.

जोडीदार आहे हे लिहिलं म्हणून व्हिसा आपोआप नाकारत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम 214(ब) सांगतं की तुम्ही तिथे राहायलाच येताय, असं गृहीत धरावं. तसं नाही हे पटवणं तुमच्याकडे. नोकरी, रजा, परतीची तारीख, इथलं घर ही त्याची उत्तरं. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न करता येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा आहे. जर्मनीत जोडीदार खर्च उचलणार असेल तर त्याने तिथल्या परकीय नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र काढून मूळ प्रत पाठवावी. शेंगेनला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला) किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि 90 दिवसांची मर्यादा कोणत्याही सलग 180 दिवसांत मोजतात. नवा व्हिसा मिळाला म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही यंत्रात दिसतो.

या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे व्हिसा मिळाला की त्यांचं काम संपतं. आत सोडायचं की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि तेच प्रश्न तो पुन्हा विचारतो. त्याची तयारी इथे कुणी करून घेत नाही. परतीचं तिकीट, रजेचं पत्र, राहण्याचा पत्ता आणि जोडीदाराचा नंबर कागदावर, हातातल्या बॅगेत ठेवा. रांगेत फोन चालेलच असं नाही. डिग्रीची प्रमाणपत्रं, बायोडेटा, लग्नाचा शालू असं सामान सापडलं की प्रश्नांची दिशाच बदलते. फोनही तपासतात. “कुणाकडे आलात?” याला एकच उत्तर: “ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय त्याच्याकडे, अमुक तारखेला परत जाणार.” फॉर्मवरही हेच असलं पाहिजे.

जास्त चौकशीसाठी आतल्या खोलीत नेलं तर दुभाषा मागा. जबाबाच्या प्रत्येक पानावर सही घेतात. वाचल्याशिवाय करू नका. अमेरिकेत परत पाठवायचंच ठरलं, तर प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ द्या, अशी विनंती करता येते. मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात असतं, पण विचारायलाच हवं, कारण तडकाफडकी हकालपट्टीचा आदेश निघाला की 5 वर्षांची बंदी लागते. आत सोडलं तर आय-94 ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाची, नोंद त्याच दिवशी ऑनलाइन बघा. व्हिसा 10 वर्षांचा असला तरी मुक्काम त्या नोंदीतल्या तारखेपर्यंतच.

फी अर्धी फाइल उघडताना आणि अर्धी अपॉइंटमेंट मिळाल्यावर घेतात. अमेरिकेची सरकारी फी 185 डॉलर, ती वेगळी, आणि नकार आला तर दोन्हींतलं काहीच परत मिळत नाही. फॉर्मसाठी ते ऑफिसचाच ईमेल वापरतात. तो बदलून स्वतःचा द्यायला लावा. सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्मची प्रिंट घरी आणा, परदेशातल्या जोडीदाराला फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवा, आणि दुसरा हप्ता त्यानंतरच भरा.