केळीची सीएमव्ही पट्टी: आधी पान नीट निवडा

रावेर-यावलकडे मृगबागेत (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीत) हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसचा (सीएमव्ही) रोग, दिसला की पानाच्या रसात तो विषाणू तपासणाऱ्या सीएमव्हीच्या पट्टीची आठवण होते. बांधावर उभ्या उभ्या अर्ध्या तासात निकाल मिळतो, त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. निकाल चुकला की मात्र पट्टीलाच बोल लावतात, आणि बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते पान.

पट्टी पकडते विषाणूच्या आवरणाचं प्रथिन. विषाणू पसरवणारा मावा सोंड खुपसतो तिथून विषाणू लगेच झाडभर होत नाही. पेशी-पेशींना जोडणाऱ्या प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या वाटा फार अरुंद. सीएमव्हीचं वहन-प्रथिन त्या सैल करून विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) पुढच्या पेशीत सरकवतं. त्याला आवरण-प्रथिनाचीही साथ लागते. पुढे अन्नवाहिनीत शिरला की विषाणू साखरेसोबत वाहतो: तयार पानांकडून पोंग्याकडे (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानाकडे) आणि मुळांकडे. जून पानातून साखर बाहेर जाते, आत येत नाही, त्यामुळे तिकडे विषाणूही फारसा फिरकत नाही. वाट मुळात झाडाचीच. फुलोऱ्याचा निरोप शेंड्याला पोचवणारं एफटी प्रथिनही अन्नवाहिनीतूनच जातं.

म्हणून नमुना नुकत्याच उलगडलेल्या पानाचा घ्यावा, त्यातही पिवळट पट्ट्याचा. गर्द हिरव्या भागात विषाणू कमी असतो. प्रमाण 0.15 ग्रॅम पानाला 3 मिली बफर (पान चुरडायचं द्रावण). अंदाजाने जास्त पान कोंबलं की रस घट्ट होतो, चिकामुळे वर चढत नाही आणि पट्टी नीट चालल्याची खूण असलेली कंट्रोलची रेघ उमटत नाही. ती नसेल तर चाचणी बाद, मग विषाणू दाखवणारी दुसरी रेघ दिसो न दिसो. फ्रिजमधलं पट्टीचं पाकीट लगेच फोडू नये. गार पट्टीवर दव धरतं. पैसे वाचवायला दहा झाडांची पानं एकाच पिशवीत चुरडली, तर एकुलतं आजारी झाड त्यात विरून जातं.

संशयित झाड उपटायचं का, एवढ्यासाठी पट्टी उत्तम. टिश्यूकल्चर रोपांची गाडी निर्धोक ठरवायला ती वापरू नये: ताज्या लागणीत प्रथिन इतकं थोडं असतं की रेघ येतच नाही. तिथे पीसीआरचा (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा) अहवाल मागावा. बंची टॉप या केळीच्या दुसऱ्या विषाणू-रोगालाही ही पट्टी चालत नाही. त्याचा विषाणू अन्नवाहिनीतच राहतो, म्हणून त्याच्या चाचणीला नमुनाही मधल्या शिरेचा लागतो.