बाळाचे फोटो: खिडकीचा उजेड की घरातला दिवा?

बाळाचे घरी फोटो काढताना मोबाइल कुठला यापेक्षा उजेड कुठला, हे आधी बघावं. माझं मत स्पष्ट आहे: खिडकी. थेट ऊन आत येत नसेल तेव्हा, किंवा पातळ पडदा ओढून, बाळाला खिडकीजवळ दुपट्यावर निजवा. उजेड डोक्याकडून तिरका येऊ द्या. पायांकडून आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा विचित्र दिसतो. मग स्वतः खाली बसून कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. जावळ, गालावरची तीट, मुठीतली इवली बोटं, सगळं नीट उमटतं.

दिव्याखाली हेच अवघड. उजेड कमी, म्हणून शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारी झडप, जास्त वेळ उघडं राहतं आणि हलणारे हातपाय पुसट येतात. शटर वेगवान केलं तर काही एलईडी दिव्यांखाली फोटोत फिके-गडद पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा; त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फ्लॅशने हालचाल थिजते खरी, पण चेहरा सपाट होतो.

बारसं संध्याकाळी असेल तर मात्र दिव्यांशिवाय इलाज नाही. तेव्हा खोलीतले सगळे दिवे लावा, शटर १/१०० सेकंद, म्हणजे एका लुकलुकीइतकं, ठेवा आणि बाळ पाळण्यात शांत झालं की फोटो घ्या.