नासाचा फर्म्स मॅप: बसऱ्याचा गॅस आणि शिरोळचं पाचट, दोन्ही एकाच लाल रंगात

नासाची फर्म्स नावाची वेबसाईट आहे, जगात कुठं काय जळतंय ते सॅटेलाइटवरनं बघून नकाशावर लाल ठिपके टाकते. फुकट आहे, नकाशा बघायला लॉगिन लागत नाही, मोबाईलवर पण चालते. मी कोल्हापुरात बसून ही साईट मुख्यतः एकाच कामाला वापरतो, तेलाच्या विहिरींवर जो नैसर्गिक गॅस नुसता जाळून टाकतात ना, फ्लेअरिंग म्हणतात त्याला, ते बघायला. त्या कामासाठी ही साईट कशी वाटली ते सांगतो.

उघडल्या उघडल्या इराकच्या दक्षिणेला बसऱ्याकडं जावा. रुमैलाचं मोठं तेलक्षेत्र तिथं आहे, आणि पलीकडं इराणात अहवाजचा पट्टा. आधी 24 तासांचं बघा, मग 7 दिवसांचं करा. शेतातली आग असेल तर ठिपका आज इथं उद्या दुसऱ्या शिवारात असं होतंय, पण इथं ठिपके जागचे हलतच नाहीत, मागच्या वर्षीची तारीख टाकली तरी तिथंच. असंच नायजेरियात नायजर नदीच्या मुखाजवळ, अल्जेरियात हासी मसूदला, अमेरिकेत टेक्सासच्या पर्मियन भागात, सायबेरियात. एकदा हे बघायला लागलं की रात्री झोप येत नाही, खरंच सांगतो.

कारण काय तर जमिनीतनं तेल वर येताना त्याच्याबरोबर गॅस पण येतो. तेल टँकरमधनं, जहाजातनं कुठंबी नेता येतं, गॅसला कॉम्प्रेसर पाहिजे, पाईपलाईन पाहिजे, प्रोसेसिंगचा प्लांट पाहिजे, आणि हा खर्च कंपनीला परवडत नाही किंवा करायचा नसतो म्हणून चिमणीच्या टोकाला काडी. थोडं जाळणं सेफ्टीसाठी लागतंय हे मान्य, प्लांट अचानक बंद पडला तर प्रेशर कुठंतरी सोडायला पाहिजेच, आणि न जाळता तसाच हवेत सोडला तर मिथेन जातो जो 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो. पण रोज रात्री, वर्षानुवर्षं, त्याच जागी जळतंय ते सेफ्टीसाठी नाही. शिवाय जाळला म्हणजे सगळा मिथेन संपला असंही नाही, 98 टक्के जळतो असं धरून चालायचे, अमेरिकेत विमानातनं मोजलं तर सरासरी 91 टक्क्यांच्या आसपासच निघालं, 2022 ला छापून आलंय ते.

वर्ल्ड बँक दरवर्षी सॅटेलाइटवरनंच याचा आकडा काढते. 2024 मध्ये 151 अब्ज घनमीटर गॅस असा जाळला गेला. आपला अख्खा भारत वर्षाला जेवढा नैसर्गिक गॅस वापरतो त्याच्या दुपटीहून जास्त आहे हा. मी ढोबळ हिशोब करून बघितला, घरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता साधारण 18 घनमीटर गॅसमध्ये असते, म्हणजे वर्षाला 840 कोटी सिलिंडर जाळले असं झालं. आणि इराक स्वतःचा गॅस जाळतोय आणि वीज करायला इराणकडनं गॅस विकत घेत आलाय कित्येक वर्षं, हे वाचून तर मला राग आला होता. 2015 ला वर्ल्ड बँकेनं 2030 पर्यंत रोजचं फ्लेअरिंग बंद करायचा उपक्रम काढला, कितीतरी सरकारांनी आणि कंपन्यांनी त्याला होकार दिला, नकाशावर मात्र ठिपके तसेच.

आता आपल्याकडं या. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात मुंबई हायच्या बाजूला पण ठिपके सापडतात, पण तिथला गॅस पाईपलाईननं उरणला येतो आणि वापरला जातो, म्हणजे पाईप टाकला की प्रश्न सुटतो हे दिसतंय की. आपल्या जिल्ह्यातनं दाभोळ-बेंगळुरू गॅस पाईपलाईन गेलीय ती पण तेच सांगते.

आणि मग कोल्हापूरवर झूम करा, गळीत हंगामात. शिरोळ, हातकणंगले, करवीर, सगळीकडं लाल ठिपके, ऊस तुटला की पाचट पेटवतात ते. इथं या साईटचा मोठा दोष. शिरोळच्या शेतकऱ्याचं तासाभरात विझणारं पाचट आणि बसऱ्याची वर्षभर जळणारी चिमणी, दोन्हीला एकच लाल ठिपका. त्याचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि शेतकऱ्यांना शिव्या बसतात. पाचट जाळू नये हे मी पण म्हणतो, हेक्टरी 8-10 टन पाचट फुकट जातंय, सरीत कुजवून त्याचं खत करा. पण दोन्ही एकाच मापात तोलू नका. ठिपक्यावर टॅप केलं की तारीख, वेळ आणि आगीची पॉवर मेगावॅटमध्ये दिसते, ती बघा आणि मगच बोला. जुना डेटा डाऊनलोड केला तर त्यात एक टाईपचा रकाना असतो, 0 म्हणजे झाडझाडोऱ्याची आग, 2 म्हणजे जमिनीवरचा कायमचा स्रोत, 3 म्हणजे समुद्रातला. एवढी चांगली माहिती फाईलमध्ये दडवून ठेवलीय, ती थेट ठिपक्याच्या रंगात पाहिजे होती.

बाकी तक्रारी छोट्या. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवायचे. ठिपका म्हणजे सॅटेलाइटप्रमाणं 375 मीटर ते 1 किलोमीटरच्या चौकोनाचा मध्य, त्यामुळं अमक्याच्याच शेतात आग असं ठामपणे म्हणता येत नाही. ढगातनं दिसत नाही, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडचं सोडूनच द्या. मराठी नाही.

फक्त फ्लेअरच बघायचे असतील तर स्कायट्रुथ संस्थेचा फ्लेअरिंगचा वेगळा नकाशा आहे, 2012 पासूनचा. तो नाईटफायर नावाच्या पद्धतीवर चालतो, जी रात्रीच्या आगीचं तापमान काढते. गॅसची ज्योत 1300 ते 1700 अंश सेल्सियसच्या घरात असते, गवता-पाचटाची आग त्याच्या बरीच खाली, म्हणून वेगळं करता येतं. पण आजचं ताजं बघायला फर्म्सच, सॅटेलाइट वरनं गेला की साधारण 3 तासात ठिपका येतो.

माझ्याकडनं 5 पैकी 4 स्टार, एक त्या रंगासाठी कापला. कॉलेजच्या भूगोलाच्या सरांनी मॅडमनी हे वर्गात प्रोजेक्टरवर लावावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, डिसेंबर-जानेवारीत लावा, आभाळ मोकळं असतंय आणि पोरांना आपलं शिवार आणि बसरा एकाच तासात बघता येईल.