अगत्ती की नील? एकट्याने निघालेल्यासाठी

गोव्यात राहतोस आणि समुद्र बघायला विमानाने जातोस? हा प्रश्न मला घरी, ऑफिसात आणि म्हापशाच्या आमच्या चहावाल्याकडे सारख्याच सुरात विचारला गेलाय. मी एवढंच म्हणतो की कळंगुटला गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत. बेटं आपल्याकडे आहेत, दिवाडी आहे, चोडण आहे, पण ती मांडवीतली. तिथं खाजनं (बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतं), खारफुटी आणि पक्षी. पोहायला कोणी जात नाही.

मी एका जानेवारीत लक्षद्वीपच्या अगत्तीला आणि पुढच्या डिसेंबरात अंदमानच्या नीलला गेलो, दोन्ही वेळा एकटा. अंदमानच्याच हॅवलॉक बेटावर दोन रात्री काढल्या. राधानगरचा किनारा सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण एकट्या माणसाला तिथं चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं, म्हणून हॅवलॉक या तुलनेत धरलेलं नाही. नीलचं नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे. बोलताना मात्र सगळे अजून नीलच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पाण्यापुरतंच बघायचं तर अगत्ती पुढे आहे, आणि बरंच पुढे. पश्चिमेला सगळा लगून, लाटा बाहेर प्रवाळाच्या कड्यावर फुटतात आणि आत पाणी थाळीत ठेवल्यासारखं. ओहोटीलाही पोहता येतं. गॉगल लावून डोकं खाली घातलं की कासवं समुद्री गवत चरताना दिसतात, अगदी आपल्या शेतातल्या गुरांसारखी, तुमच्याकडे ढुंकूनही न बघता. प्रवाळाचा रंग पूर्वीचा राहिलेला नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. तरी माझ्यासारख्या हौशी माणसाला जे दिसलं ते भरपूर होतं.

नीलला पाण्याची मर्जी सांभाळावी लागते. तिथल्या भरतपूर किनाऱ्यावर मी नको त्या वेळी पोहोचलो, तर घोट्याएवढं पाणी आणि खाली टोचणारे खडे. भरतीला तीच जागा ओळखू आली नाही. लक्ष्मणपूरच्या बाजूला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथं उलट ओहोटीलाच जायचं. म्हणजे दिवस आखायचा तो भरती-ओहोटी बघून. कोळ्यांच्या शेजारात वाढलेल्या माणसाला याचं काही वाटू नये, पण सुट्टीत पंचांग बघायचा कंटाळा असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जाण्याच्या बाबतीतही अगत्ती सोपं. मी गेलो तेव्हा गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट छोटं विमान होतं, दीड-दोन तासांत समुद्रातल्या त्या चिंचोळ्या धावपट्टीवर. नीलला आपल्याकडून पोहोचायचं तर आधी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, आणि पुढे बोट. एक मुक्काम होतोच. तो वाया जात नाही म्हणा. सावरकर १९११ पासून दहा वर्षं ज्या तुरुंगात होते तो बघायला आलेली मराठी माणसं तिथं पावलोपावली भेटतात. सांगलीच्या एका ग्रुपने मला एकटा बघून जवळजवळ दत्तकच घेतलं आणि निघताना चिवड्याची पिशवी हातात कोंबली.

एवढं सगळं अगत्तीच्या बाजूने सांगूनही माझं मन तिथं का अडलं, ते सांगतो. अडलं ते ‘माणसं झाली की निघू’ या एका वाक्यावर.

लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो. तो कोणाच्या तरी मार्फत काढायचा आणि त्यात लिहिलेल्या बेटांपलीकडे मनाने कुठे जायचं नाही. तिथं माणसं थोडी, जमीन त्याहून थोडी, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. पण माझ्या परवान्यात बंगारम बेटही होतं आणि बंगारमला बोट हवी. बोटवाला मोठा सभ्य माणूस. सकाळी किनाऱ्यावर भेटला की हसून म्हणायचा, ‘और दो आदमी आएगा तो जाएगा.’ पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चौघं आली, पण त्यांची बोट आधीच ठरलेली. पूर्ण बोटीचे पैसे एकट्याने भरले असते तर त्या क्षणी निघालो असतो. आकडा ऐकला आणि शहाळं पीत बसलो.

म्हापशाच्या स्टँडवर खासगी बस भरेपर्यंत थांबते, कंडक्टर आधी ‘पणजी, पणजी’ ओरडतो आणि भरल्यावर ‘फाटी वच, फाटी वच’, म्हणजे मागे सरका. हे मी वर्षभर सोसतो. त्यापेक्षा आपली दिवाडीची फेरीबोट बरी. वेळ झाली की सुटते, चढलेला एकटा का असेना, आणि पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही.

तिसऱ्या दिवशी हनिमूनचं एक जोडपं आलं आणि माझी गणसंख्या पूर्ण झाली. बंगारम अप्रतिम आहे. मी ते मुख्यतः त्यांच्या मोबाइलच्या स्क्रीनमधून बघितलं, कारण फोटो काढायला तिसरा माणूस मीच होतो.

नीलला जेट्टीपासून थोडं पुढे गेल्यावर भाड्याची सायकल घेतली आणि मग कोणाची वाट बघितली नाही. अख्खं बेट जेमतेम १४ चौरस किलोमीटर. सूर्योदयाला सीतापूर, परतताना भाजीचे मळे (अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून नीलची ओळख आहे), दुपारी बाजारात बंगाली खानावळीत मोहरीतली मासळी आणि भात, संध्याकाळी लक्ष्मणपूर. पोहायला उतरताना चष्मा, मोबाइल आणि सायकलची किल्ली नारळवाल्या मावशींकडे ठेवायची. त्या बदल्यात एक शहाळं, न सांगता ठरलेलं.

खोलीचं म्हणाल तर दोन्हीकडे एकट्याला दोघांचेच पैसे मोजायची तयारी ठेवा. अगत्तीला जेवणखाण पॅकेजमध्येच असतं. ट्यूना सकाळी, ट्यूना दुपारी. चौथ्या दिवशी मला बांगड्याचं हुमण, म्हणजे आपली माशाची आमटी, स्वप्नात आलं. दारू तिथं मिळत नाही, ज्यांना फरक पडतो त्यांनी नोंद घ्यावी. नीलची खरी उणीव संध्याकाळ. अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाच वाजले की सूर्य गेलाच. सात वाजता मध्यरात्र झाल्यासारखी वाटते आणि नेटही धड नसतं. मला पुस्तक पुरलं. तुम्हाला संध्याकाळी चार माणसांचा आवाज लागत असेल तर कदाचित जड जाईल.

माझं मत सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. एखाद्याला अगत्तीला पहिल्याच सकाळी दोन माणसं मिळतील आणि तो मला वेड्यात काढेल. दोघं-तिघं असाल तर मी स्वतःच अगत्ती सांगेन, त्या पाण्याला तोड नाही. एकटे असाल तर नीलचं तिकीट काढा आणि सायकलचे ब्रेक घेतानाच तपासा, माझा मागचा लागत नव्हता.

अगत्तीला मला परत जायचंय. एका मित्राला दोन वर्षं विचारतोय. तो म्हणतो, अजून कोणी येत असेल तर बघू.